रेशमीला मी सांगितलंच नाही

बायांनो, आज गंमत नाही. माले लाज वाटी ऱ्हायनी.

नंदुरबारला डायलिसिसला माझ्या शेजारच्या पलंगावर धडगावकडच्या डोंगरातली रेशमी पावरा असते. दोन वर्षं मी तिला चिडवते, "काय वं, आज जीपमधी कोणाच्या मांडीवर बसून आली?" मालक गेल्यापासून माझ्या मस्करीला उलटं बोलणारी ती एकटीच.

आज मी डॉक्टरांना विचारलं, "किडनीच्या यादीत माझा नंबर कुठवर आला?"

रेशमी उठूनच बसली. "किडनी बदलता येते? ताई, माझा भाऊ देईल ना!"

डॉक्टर बोलले, "डोंगरातल्यांना कुठं झेपतं? म्हणून सांगत नाही."

मला राग आला. मग आठवलं, तिला झेपायचं नाही असं धरून मीबी गप्पच होते.

जाताना रेशमी माझ्याशी बोलली नाही.

तुम्ही सांगितलं असतं का वं तिला?