रेघ हाताने ओढण्याचं कारण

आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरमधून काहीच डिलीट होत नाही. केलेली चूक, तिची दुरुस्ती, दुरुस्तीतली चूक, सगळं नावानिशी पडून राहतं. किश्शांचंही तेच झालंय हो! जळगावच्या एमआयडीसीत बारा वर्षं औषधं तपासतोय. चहाला चौघं बसलो की विषय शोधावा लागत नाही.

आधी कामाचं थोडं सांगतो. औषध मशीनमधून गेलं की स्क्रीनवर डोंगर उमटतात. डोंगराच्या पायथ्याशी सॉफ्टवेअर एक रेघ ओढतं आणि तिच्यावरचा भाग मोजून आकडा देतं. कधी ती रेघ चुकते. मग ती माउसने आपण ओढायची, कारण लिहायचं आणि सेव्ह करायचं. रेघ जराशी हलली तरी पासचं फेल होतं आणि फेलचं पास. म्हणून ही भानगड नाजूक!

*

स्नेहल तायडे नवीन लागली होती. धरणगावची, एमएस्सी झालेली, हुशार पोरगी. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "कायम झाले की आईला कापसाच्या जिनिंगच्या कामावरून काढून घेणार."

नाना म्हणजे आमचे साहेब. त्यांनी ट्रेनिंगमध्ये तिला बजावलं, "डेटात बदल करायचा नाही. काही झालं तरी नाही!"

दुसऱ्या दिवशी पोरीने दुपारभर बसून एकेक चुकलेली रेघ सुरेख ओढली. बंद करताना सॉफ्टवेअरने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? बाईंनी ठामपणे 'नाही' दाबलं!

नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं माय, मी लबाडीचा बदल म्हणत होतो!" मग दोघांनी बसून सगळं पुन्हा केलं.

*

आमचा चौधरी दीपनगरचा. त्याचे वडील तिथल्या वीज केंद्रात. त्यामुळे लॅबची लाइट गेली की सगळ्यांच्या माना आधी चौधरीकडे वळतात.

एकदा यूपीएस बंद होता आणि माझं काम सेव्ह करायचं राहिलं होतं. लाइट गेली! मी वैतागून ओरडलो, "लाव रे घरी फोन!"

चौधरी डबा खात होता. घास गिळून शांतपणे म्हणाला, "आमचं काम वीज तयार करायचं. सेव्ह तुम्ही दाबायचं, भाऊ."

*

कारणाची चौकट रिकामी सोडता येत नाही. चौधरीने एकदा तिथे लिहिलं, 'नानांनी सांगितलं.' नाना भडकले. "मी सांगितलं हे काय कारण झालं? रेघेत काय चूक होती ते लिही!"

दुसऱ्या दिवशी चौधरीने लिहिलं, 'नानांनी सांगितलं नाही, तरी ओढली.'

*

नाना मुलासाठी स्थळ बघायला धुळ्याला गेले. मुलीच्या बायोडाटात उंची पेनाने खोडून नवीन लिहिलेली. मुलीचे वडील ओशाळले. नाना म्हणाले, "खोडलं त्याचं काही नाही हो. पण बाजूला कारण आणि सही कुठे आहे?"

मुलगी आतून पेन घेऊन आली. 'आधी सँडल घालून मोजली होती,' असं लिहून तिने खाली सही केली. नानांनी तिथेच होकार दिला.

*

आता ऑडिटचं सांगतो. स्नेहलच्या प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. पोरगी रोज हिशेबाने श्वास घेत होती म्हणा ना! सॅम्पल फेल आलं की आमच्याकडे पहिली चौकशी टेस्ट करणाऱ्याची होते, आणि तिला आता चौकशी नको होती.

नोंदी तपासायला बाहेरून आलेल्या ऑडिटरांनी नेमकं तिचंच एक सॅम्पल कॉम्प्युटरवर उघडलं. एकाच डोंगराचे तीन निकाल सेव्ह केलेले. पहिला, सॉफ्टवेअरच्या रेघेचा, फेल. दुसरा, तिच्या हाताच्या रेघेचा, पास. तिसरा, रेघ परत जागेवर नेलेली, पुन्हा फेल. रिपोर्टही फेलच गेलेला.

"हे काय आहे?" ऑडिटरांनी विचारलं. स्नेहलने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

त्यांनी तिसऱ्या निकालाचं कारण उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "पहिली रेघ बरोबर होती. दुसरी मी कायम व्हायचं म्हणून ओढली. चूक माझी."

मी मनात म्हटलं, आता ही पोरगी गेली!

ऑडिटर नानांकडे वळले. "तुम्ही हे वाचलं होतं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

"मग काय केलंत?"

"हिला कायम करायच्या कागदावर सही केली. बठ्ठं सेव्ह करेल शे ना तिनं!" भावना आवरत नसल्या की नाना अहिराणीवर येतात; सगळं सेव्ह केलंय ना तिनं, असं म्हणत होते.

स्नेहल रडायलाच लागली. "नाना, आठ दिवस मी जेवले नाही नीट! मला सांगितलंत का नाही?"

नाना म्हणाले, "तू तरी मला कुठं सांगितलंस!"