रेश्माच्या जागी माझी क्वार्टर

वन्सं, सोलापूर स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवताना तुमच्या रेश्मानं शेंगाचटणीचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "मामी, तितं भाजीत साखर घालत्यात म्हणं. जपून खावा." सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण तिच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

तुम्हाला वाटतं, क्वार्टर पुणेवाल्यांनी आपणहून दिली. तसं न्हाय.

बास्केटबॉलमध्ये आमची अंजू बॉल जाळीत टाकायची, पण तिच्या हातात तो आणून द्यायची रेश्माच. शाळेपासून जोडी. मग अंजूला पुण्याच्या संघानं करारावर बोलावलं, तेवढ्यात नागपूरवालेही मागं लागले. पोरगी लई पक्की. कुणाला हो म्हणेना, कुणाला नाही म्हणेना. माझे वडील करमाळ्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे सौदे करायचे. ते सांगायचे, "मागायचं ते सौद्याआधी मागावं, बाये. मागनं मागतो त्यो भिकारी." अंजूनं तेच केलं. पुण्याच्या साहेबांना फोनवर म्हणाली, "आईला क्वार्टर आणि रेश्माला संघात जागा द्या. नाहीतर मी नागपूरला चालले."

साहेब म्हणाले, दोन्हीतलं एक सांगा.

फोनवर हात ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी थापत होते. वन्सं, मी मान वर केली न्हाय. थापतच राहिले. तिला काय कळायचं ते कळलं.

आता हितं लिफ्ट हाय. पाणी कधी येतंय म्हणून नळाकडं कान लावावा लागत न्हाय. आणि रेश्मा तिकडं शाळेचे गणवेश शिवते.

अंजूचा करार संपत आलाय, परत दोन संघ विचारायला लागलेत. मी तिला म्हटलं, "या खेपेला रेश्माला माग. क्वार्टर गेली तर जाऊ दे." मग रेश्माला फोन लावून विचारलं, संघात खेळायला येशील का. ती हसायलाच लागली. "मामी, आता कोण पळतंय? गुडघे मशीनला दिले की! तुमी दिवाळीला या. तुमची जुनी खोली झाडून ठेवते."

कुणी घर कुठलं विचारलं, तर अजून तोंडातून सोलापूरच येतं. पण त्या खोलीत गप्प राहून निजायचं आता जमायचं न्हाय. रेश्माला हे पत्र वाचून दाखवा. ऐकल्यावरही तिनं खोली झाडली, तर येते.