काटा काय म्हणतो?

गिरणीत आला की तो आधी चपला काढायचा, मग घड्याळ, मग खिशातला मोबाइल आणि किल्ल्या. हे सगळं माझ्या हातात देऊन तो वजनकाट्यावर उभा राहायचा, छताकडे बघायचा आणि विचारायचा, "आप्पा, काटा काय म्हणतो?"

आकडा त्याच्या समोरच लाल अक्षरांत दिसत असायचा, पण तो स्वतः वाचायचा नाही. रिंगणात काय झालं हे पंचांनी सांगायचं असतं, आपण ठरवायचं नसतं, याची त्याला सवय झाली असावी.

सुरतेच्या नवागामात माझी पिठाची गिरणी आहे. काटा शंभर किलोचा आहे आणि त्याच्यावर मी दरवर्षी न चुकता सरकारी शिक्का मारून घेतो. तो धान्यासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग मला गहू समजा." असं म्हणून चढलासुद्धा.

तुमच्याही गल्लीत एखादा असा असेल, ज्याचा धंदा काय हे सगळ्यांना माहीत असतं आणि तो धंदा कसा चालतो हे कोणालाच माहीत नसतं. हा बॉक्सर होता. हौशी नव्हे, पैसे घेऊन लढणारा. पोट मात्र पर्वत पाटियाजवळच्या एका कापडाच्या गोदामात पार्सलं उचलून भरायचा. अधूनमधून बडोद्याहून लढती जमवणाऱ्या एका माणसाचा फोन यायचा, मग हा पिशवी भरून कुठेतरी जायचा आणि दोन दिवसांनी सुजलेला परत यायचा.

त्या धंद्याची रीत त्यानेच मला समजावली. नवा, तयारीचा मुलगा वर आणायचा असेल तर त्याच्या नावावर आधी काही विजय लागतात. त्यासाठी समोर कोणीतरी लागतो. तो लगेच पडणारा नको, लोकांचे तिकिटाचे पैसे वाया जातात. आणि जिंकणारा तर नकोच. "मी त्यातला," तो म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी त्याला ओळखायला लागल्यापासून तो चौदा लढती लढला आणि दोन जिंकला. त्यातली एक, समोरच्याचा खांदा निखळला म्हणून.

आडवा मात्र एकदाही पडला नाही. लढतीहून घरी आला की त्याची माय दारातच विचारायची, "पडना का?" तो म्हणायचा, "नही, माय." मग माय म्हणायची, "मंग जेव." जिंकलास का, हे तिने कधी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

ते दुसरे लोक विचारायचे. गोदामाचा शेठ गुजराती होता. तो हिशोबातून मान वर न काढता विचारायचा, "जीत्यो?"

"ना, शेठ."

"कंई वांधो नहीं. पार्सल चढाव."

सराव तो घराच्या गच्चीवर करायचा. वाळूची पिशवी परवडण्यासारखी नव्हती असं नाही, पण सुरतेत चिंध्या फुकट मिळत असताना वाळू विकत का घ्यायची, असा त्याचा सवाल होता. त्याने गोणपाटात साड्यांच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या. दर ठोशाला त्यातून टिकल्या उडायच्या. सकाळी तो काट्यावर यायचा तेव्हा कपाळावर, मानेवर, एखादी भुवईच्या खोकेवरसुद्धा चमकत असायची. मी त्या झटकून मगच आकडा सांगायचो. टिकलीला वजन नसतं हे मला माहीत आहे. पण काट्यावर परकी वस्तू असू नये.

एका उन्हाळ्यात बडोदेवाल्याचा फोन आला. लढत सुरतेतच होती आणि विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी होती. समोरचा मुलगा बाहेरचा, एकही लढत न हरलेला. गावातला माणूस समोर असला की गर्दी होते, एवढ्यासाठीच याला बोलावलं होतं आणि त्यालाही ते माहीत होतं. तरी त्या दिवशी तो गिरणीत आला आणि काट्यावर न चढता बाकावर बसला.

"आप्पा, नेहमी मीच जातो हरायला," तो म्हणाला. "पट्टा आला ना, तर लोक माझ्याकडे येतील. एकदा तरी मला हरवायला कोणीतरी यावं."

मी विचारलं, "वजन किती लागतं?"

एकसष्ट किलो दोनशे पस्तीस ग्रॅम. पौंडांतला आकडा किलोत उतरवला की असा तुटका निघतो. त्याच्या वर गेलास तर पट्टा मिळत नाही, मग भले समोरच्याला उचलून बाहेर टाक. हा नियम त्याने मला दोनदा सांगितला. बडोदेवाल्याने तारीख विचारली तेव्हा त्याने लगेच होकार दिला होता. आमच्या खानदेशी माणसाने श्रावणातली तारीख कोणालाही देण्याआधी पंचांग बघायला हवं. ते त्याने बघितलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. देवीसाठी रोट करतात. रोट म्हणजे जाड पुरणपोळी, पण तिचे नियम पोळीसारखे नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, वेगळे दळायचे, आणि केलेले रोट भाऊबंदांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे. टाकायचे नाहीत, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, गावाबाहेर न्यायचे नाहीत. बहुतेक घरांत माणशी सव्वा मूठ गहू असतात. यांच्या घरात सव्वा शेर. पणजोबांनी कधीतरी नवस बोलताना हात आखडता घेतला नव्हता.

त्या वर्षी मायने चार पुरुष मोजले: हा, शिरपूरला राहणारा धाकटा भाऊ आणि भावाचे दोन मुलगे. दळण मीच दळलं, गिरणी धुऊन. आणि ऐन शनिवारी शिरपूरहून फोन आला की थोरल्या मुलाला ताप भरलाय, दवाखान्यात ठेवलंय, येता येत नाही.

रोट चार माणसांचे झाले आणि खाणारा पुरुष एक उरला. त्याच्या वजनाचा दिवस पुढच्या शनिवारी होता आणि पौर्णिमा त्याच्या आदल्याच दिवशी.

सोमवारी देवी तापीवर बोळवून आल्यावर त्याने मला घरी नेलं. आकडे मी सांगितले तर माय ऐकेल, असा त्याचा समज होता. माय फडक्याखाली झाकलेल्या टोपल्याशेजारी बसली होती. बायको आणि मुलगी आपापल्या परीने खात होत्या, पण टोपलं काही उतरत नव्हतं.

मी म्हणालो, "मावशी, याने एवढं खाल्लं तर वजन बसणार नाही."

"कितलं जास्त व्हई?"

मी पीठ, डाळ, गूळ, तूप असा अंदाज करून आकडा सांगितला.

"मंग त्याले म्हना, तितलं जास्त पळ."

"दोन रोट मी खातो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हनं आडनाव काय शे, आप्पा?"

वीस वर्षांत तिने मला आडनाव पहिल्यांदाच विचारलं, आणि तिला ते माहीत होतं.

तो म्हणाला, "माय, एकच डाव. पुढला वर्षी दुप्पट खासू."

माय रागावली नाही. टोपल्यावरचं फडकं नीट करत म्हणाली, "इतला वरीस मार खाधा तू. एकदा तरी पडना का? कोनी धरं तुले?" मग म्हणाली, "पट्टा लोकेसना शे. डोकं मन्हा पोऱ्यानं शे. बाकी तुन्ही मर्जी."

त्याने टोपलं स्वतःकडे ओढलं. मग बायकोला म्हणाला, "वाढ."

त्या आठवड्यात तो सकाळ-संध्याकाळ दिंडोलीपर्यंत पळायचा आणि मधल्या वेळात रोट खायचा. काट्यावर यायचा, छताकडे बघायचा. मी काटा जे म्हणायचा तेच सांगायचो. खोटं सांगून त्याचा काही फायदा झाला नसता.

शनिवारी मी मुद्दाम बरोबर गेलो. त्यांचा काटा माझ्या काट्याशी जुळतो का, हे मला बघायचं होतं. जुळला. चारशे ग्रॅम जास्त.

वजन घेणारे साहेब हिंदी बोलणारे होते. म्हणाले, "क्या खा लिया, भाई?"

"देवी का प्रसाद, सर."

"सावन में तो लोग उपवास करते हैं."

"हमारी देवी में खाना पड़ता है, सर."

साहेबांनी त्यावर विचार केला आणि दोन तासांची सवलत दिली. तो रेनकोट घालून गाड्यांच्या मैदानात पळत राहिला. श्रावणातल्या सुरतेत घाम येतो, पण अंगावरून जात नाही. परत आला, कपडे काढले, मी टॉवेल आडवा धरला. अजूनही दोनशे ग्रॅम जास्त. त्याने मला विचारलं, "केस काढू का?" मी म्हणालो, केसांचे फार तर तीस-चाळीस ग्रॅम भरतील. एवढ्या एका बाबतीत माझ्या आकड्यांचा त्याला उपयोग झाला. केस वाचले.

पट्टा गेला. समोरच्याची माणसं लढायला तयार होती, तिकिटं विकली गेली होती, म्हणून लढत ठरल्याप्रमाणे रविवारी झाली. माइकवर जाहीर केलं की पट्टा जिंकता येईल तो फक्त समोरच्याला. आमच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं आली होती. त्यांना हे नीटसं कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याची लढत त्याआधी कधी पाहिली नव्हती. पहिल्या चार फेऱ्या त्याने जो मार खाल्ला तो पाहून मला वाटलं की हे न पाहणंच बरं होतं. पाचव्या फेरीत समोरच्याचे हात खाली यायला लागले. त्या मुलाने वजनासाठी स्वतःला सुकवलं होतं, ते आता दिसत होतं. आमचा दरवेळी तसाच सुकलेला असायचा. यावेळी त्याच्या अंगात चार पुरुषांच्या वाट्याचं तूप आणि पुरण होतं. सहाव्या, सातव्या फेरीत तो पुढे पुढे सरकत राहिला, गोदामात पार्सलामागून पार्सल रचावं तसा. आठव्या फेरीत तो न हरलेला मुलगा दोरावर रेलला, मग गुडघ्यावर आला आणि पंचांनी हात हलवून लढत थांबवली.

पंचांनी आमच्या माणसाचा हात वर केला. पट्टा धरून उभा असलेला माणूस सवयीने रिंगणाच्या मध्यापर्यंत चालत आला. कोणीतरी त्याला हाक मारून परत बोलावलं. पट्टा खोक्यात गेला.

तो जिंकला तेही रोटांमुळे आणि पट्टा गेला तोही रोटांमुळे. मी हे दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं आहे. दुसरं कारण सापडत नाही.

घरी मायने विचारलं, "पडना का?"

"नही, माय."

"मंग जेव."

सोमवारी शेठने मान वर न काढता विचारलं, "जीत्यो?"

"हा, शेठ."

शेठने मान वर काढली. "तो पट्टो क्यां?"

"वजन वधी गयुं."

शेठने मान पुन्हा हिशोबात घातली. "कंई वांधो नहीं," तो म्हणाला. "पार्सल चढाव."

त्यानंतर बडोद्याचा फोन आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी तो रोज सकाळी येऊन चपला, घड्याळ, मोबाइल, किल्ल्या माझ्या हातात द्यायचा. "काटा काय म्हणतो?" "एकसष्ट." "मग बरोबर आहे," तो म्हणायचा आणि गोदामात जायचा. शेवटी त्याने स्वतःच फोन लावला, गिरणीतल्या बाकावर बसून. गिरणीचा आवाज होता म्हणून त्याने स्पीकर चालू केला, त्यामुळे मला ऐकू आलं.

"भाई, तू तो जीतने लगा," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज प्रेमळ होता. "अब तुझे किसके सामने रखूँ?"

याने म्हटलं, "अगली बार वजन में आऊँगा."

"वजन की बात नहीं है रे."

फोन ठेवल्यावर तो बाकावरून उठला. मग काट्याकडे बघितलं, चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि गेला.

त्या उन्हाळ्यात त्याला हजिऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं. जाणं-येणं लांब पडतं म्हणून तो बायको-मुलीला घेऊन तिकडेच खोलीवर राहायला गेला. माय नवागाम सोडायला तयार नव्हती, ती इथेच राहिली. गच्चीवरची गोणी जाण्याआधी बायकोने उसवली आणि आतल्या चिंध्यांच्या गोधड्या शिवल्या. एक मायकडे आहे. उन्हात वाळत घातली की चमकते.

यंदा कानबाईच्या आधी तो गहू घेऊन गिरणीत आला. शिरपूरचा भाऊ मुलांसह आधीच येऊन बसला होता, चारही पुरुष हजर होते. पोत्यात रोटाचे गहू बांधून वेगळे होते आणि बाकीचे पाहुण्यांसाठी. अंगाने तो भरला होता. डोक्यावर केस थोडे कमी झाले होते. पोतं खांद्यावर घेऊनच तो काट्यावर चढला, चपलांसकट, घड्याळासकट, आणि छताकडे बघत विचारलं, "आप्पा, काटा काय म्हणतो?"

मी म्हणालो, "पोतं खाली ठेव. तुझं वेगळं सांगतो, गव्हाचं वेगळं."

"नको," तो म्हणाला. "दोघांचं मिळून सांगा."

मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला, पोतं जात्याशी उतरवलं आणि मायने हाक मारली म्हणून घाईने निघून गेला.

गव्हाचं वेगळं वजन करायचं राहिलं. मी ते अंदाजाने धरलं.