ऐंशी हजारांचा फरक

श्रीगोंद्यात वैजनाथच्या फोटो स्टुडिओत चांदभाई एकोणतीस वर्षं लग्नाचे फोटो काढत होते. स्टुडिओ वैजनाथच्या वडिलांनी थाटलेला, पण लोक बोलवायचे चांदभाईंना. अंतरपाट खाली येतो आणि नवरानवरी एकमेकांकडे बघतात, तो क्षण त्यांनी रिळाच्या काळातही सोडला नव्हता. तेव्हा सगळा मांडव अक्षता टाकत असतो. कॅमेरा हवेतल्या तांदळावर फोकस धरतो आणि चेहरे धूसर होतात. चांदभाई आधीच हाताने नवरीच्या मुंडावळ्यांवर फोकस लावून ठेवत आणि श्वास रोखून थांबत.

गेल्या रमजानपासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांच्या बायकोने, हसीनाने, त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, थरथर गेली नाही. स्टुडिओत त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

म्हणून वैजनाथ नवा मिररलेस कॅमेरा घ्यायचं म्हणाला, तेव्हा चांदभाईंनी सगळ्यात नव्या मॉडेलचाच हट्ट धरला. मागच्या सालचं मॉडेल पंच्याऐंशी हजारांना होतं, नवं एक लाख पासष्टला. नव्यात हात हलला तरी फोटो स्थिर येई आणि मध्ये काहीही आलं तरी फोकस डोळ्यांवरून हटत नसे. तो आला तर आणखी पाच वर्षं लग्नं करता येतील, एवढाच त्यांचा हिशेब होता. वैजनाथला मात्र ते बदलत्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत राहिले.

ऐंशी हजार जास्त कशासाठी, असं वैजनाथ कुरकुरला, तेव्हा तोड चांदभाईंनीच काढली. नगरच्या ओळखीच्या दुकानदाराकडून दोन्ही कॅमेरे एका लग्नापुरते आणायचे. जुनं मॉडेल मी वापरतो, नवं आरतीवहिनींना देऊ. आरती ही वैजनाथची बायको. ती अल्बमची मांडणी करायची, लग्नात कॅमेरा तिने कधी धरला नव्हता. तिला जमलं तर किंमत वाजवी. आपला हात त्या एका दिवसापुरता सावरेल, असं चांदभाईंना वाटलं.

लग्नात त्यांनी तिला अगदी शेजारी उभं केलं. "वैनी, नवरीकडं बघू नका. भटजीच्या कोपराकडं बघा. ते ढिलं पडलं की दाबायचं, आन् सोडायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी वैजनाथने सगळे फोटो एकत्र करून पडद्यावर लावले आणि कुठला कोणाचा ते न सांगता चांदभाईंना निवडायला बसवलं. दुकानदार बाजूला चहा पीत होता, आरती दारात उभी होती.

निवडताना चांदभाई कुणाची भीड ठेवत नसत. "ह्यो ठेवा. ह्यो काढा, नुसता तांदूळ दिसतोय, पोरगी कुठंय? ह्यो पन काढा, हात हललाय." एका फोटोवर ते मायेने हसले. "वैनी, वाईट वाटून घेऊ नका. पैल्यांदा व्हतंच."

आरतीने मान खाली घातली. वैजनाथने त्यांना शेवटपर्यंत निवडू दिलं, मग कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा ते उघडून दाखवलं. ठेवलेले सगळे नव्याचे होते.

"काढून टाकलेले तुमचे हायत, चांदभाई. हाताचं मला दिवाळीपासनं ठावं हाय. कसं सांगावं कळत नव्हतं. तुमीच सांगितलंत, बरं झालं."

चांदभाईंनी उजवा हात मांडीखाली घेतला. नव्या कॅमेऱ्यात हात सांभाळला जातो, एवढं ते कसंबसं म्हणाले.

"म्हनूनच घेतोय. पर तो आरती चालवील. तुमचा पगार वाचला की वरचे ऐंशी हजार त्यात निघत्यात."

दुकानदार हसला. मग वैजनाथने विचारलं, "तुमची पारख हाय. वाजवी हाय ना किंमत?"

पडद्यावर नवरीची पापणी न पापणी दिसत होती आणि तिच्यापुढे अक्षता हवेत थांबल्या होत्या. चांदभाईंनी सवयीने मुंडावळ्यांवरचा फोकस तपासला.

"वाजवी हाय."

रविवारी काष्टीला लग्न होतं. आरतीला कुठं उभं राहायचं ते दाखवायला याल का, येण्याजाण्याचं भाडं देतो, असं वैजनाथ म्हणाला. चांदभाईंनी किती वाजता निघायचं ते विचारून घेतलं.