पिंजाऱ्यापुढं शमा

निजामाच्या अख्ख्या मुलखात आमच्या पिंजारी दोस्ताएवढा मोठा शायर झाला न्हाई, आणि त्याच्याएवढी वाईट गादी शिवणारा माणूसही झाला न्हाई. यातलं पहिलं म्हणणं कोणी खोडलं तर मी आजही बाह्या सारतो. दुसरं खोडायला कोणी आलेलंच न्हाई, कारण अर्ध्या जालन्यानं त्याच्या गादीवर झोपून पाठ धरून घेतली आहे. मी दोन बुकं शिकलेला माणूस, शेरातलं वजन मला कळत न्हाई. पण ऐकून अंगावर काटा आला की ते खरं, एवढं कळायला तिसरं बुक लागत न्हाई.

त्याच्या दुकानात शिरलं की आधी माणूस दिसायचाच न्हाई, कापूस उडताना दिसायचा. मंग त्या ढगातून पिंजायच्या कमानीवर ताणलेल्या तातीचा आवाज यायचा, तांय तांय, आणि त्या ठोक्यावर कोणीतरी गुणगुणतंय असं वाटायचं. दाढी, भुवया, कान, सगळ्यावर कापूस. पंचविशीतला गडी, पण परगावचे लोक त्याला बाबा म्हणून पाया पडायला वाकत, आणि हा खुशाल आशीर्वाद देऊन मोकळा. शेर सुचायचा तो फक्त पिंजतानाच. पहिली ओळ झटकन यायची, दुसरी अडायची, आणि दुसरी येईपर्यंत त्याचा हात थांबायचा न्हाई. एका किराणावाल्याचा कापूस त्यानं असा तीन दिवस पिंजला. चौथ्या दिवशी किराणावाला आला तर कापसाचा धूर झालेला. "अबे, माझी गादी कुठंय?" म्हणून तो ओरडला. हा म्हणाला, "शेटजी, दुसरी ओळ मिळाली. ऐकता का?"

बरं, ओळ मिळाली की चिठोऱ्यावर लिहायची आणि चिठोरं भरायचं गादीत. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाला, "कागद हरवतो यार, गादी हरवत न्हाई." एकदा तालुक्यातली एक मावशी नव्या नवरीची गादी डोक्यावर घेऊन भांडायला आली, की रात्रभर आत काहीतरी कुरकुर वाजतं, पोरगी उंदीर उंदीर करून रडून राह्यली. यानं शिवण उसवली, आतून चिठोरं काढलं, वाचलं, आणि डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "मावशी, तुमचे उपकार! हाच शेर मी दोन महिने शोधून राह्यलो." शिवण परत घालायची मात्र विसरला.

त्याला सोपा प्रश्न एकच अवघड जायचा. कोणी विचारलं, तुम्ही कुठले, की हा बसायचा चटईवर आणि समोरच्यालाही बसवायचा. बाप पिंजारी, मंठ्याकडचा, कमान खांद्यावर टाकून गावोगाव फिरणारा. फिरत फिरत तो तेलंगणात गेल्ता आणि येताना एका विणकराची पोरगी लगीन लावून घेऊन आल्ता. तिच्या घरच्यांनी तेव्हापासून तिचं नाव टाकलं. म्हणून आमचा दोस्त पैसे मराठीत मोजायचा, नमाज आणि प्रेम उर्दूत करायचा, आणि बोटात सुई घुसली की शिवी तेलंगीत द्यायचा. शिव्यांच्या बाबतीत त्याचं आजोळ फार संपन्न होतं.

पण या तीन घरांमुळंच त्याला एकही दार उघडेना. मराठी मंडळींच्या कवितावाचनाला गेला, तर तिथले गुरुजी म्हणाले, तुमचं ते मुशायऱ्यात शोभेल. मुशायऱ्यात गेला, तर तिथले वकीलसाहेब म्हणाले, "मियाँ, ये दख्खनी खिचडी है. उस्ताद कौन तुम्हारा?" उस्ताद कोणी नव्हता. कमान होती.

अशात त्याचा बाप वारला आणि सव्वीस वर्षांनी तेलंगणातून मामा उगवला. मोठ्या बहिणीला न्यायला आल्ता. बोलायला गरीब, पण मुद्द्याला पक्का. गावाकडं एक माग रिकामा पडलाय, भाच्यानं तिथं बसावं, बहिणीनं आपल्या माणसांत म्हातारपण काढावं. म्हातारीनं लेकाला समोर बसवलं. मी तिथंच होतो.

"हे बघ," ती म्हणाली. तिचं मराठी तेलंगी वळणाचं, प्रत्येक शब्द लांबवणारं. "तुज्या बापासाटी मी गाव सोडलं. तुज्यासाटी हितं राहीन. पण ज्या गावाला तुजी गादी पायजे आन्‌ तू नको, त्या गावात कशाला राहू? शुक्रवारी मुशायरा हाय. तिथं तुला शायर म्हणून बसवला, तर मी मामाला एकट्याला पाठवते. न्हाई बसवला, तर संध्याकाळच्या गाडीत तू पण बसायचं. आन्‌ मंग शेर-बिर काई न्हाई. माग."

त्याचा चेहरा कापसाहून पांढरा झाला. म्हणाला, "अम्मा, वहाँ तो मुझे बुलाया है!" आणि खरंच बोलावलं होतं. बैठकीच्या गाद्या आणि लोड भरायला.

मुशायरा वाचनालयाच्या दिवाणखान्यात होता, आणि मी त्या वाचनालयाचा शिपाई. हैदराबादेहून एक मोठे साहेब सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हणून आलेले. त्यांना त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं, म्हणून मुशायरा भर दुपारी ठेवला. पण रिवाज तो रिवाज. उन्हात दिवाणखाना लख्ख उजळलेला असताना चांदीच्या शमादानात मेणबत्ती पेटवलेली. ज्याच्यापुढं शमा ठेवायची त्यानं वाचायचं, आणि एकदा पुढं ठेवलेली शमा त्यानं वाचल्याशिवाय उचलायची न्हाई. ती फिरवायचं काम माझ्याकडं. वकीलसाहेबांनी बजावलं होतं, "सदर साहबांपासून सुरू कर, रांगेतल्या शेवटच्या इसमापर्यंत ने. मधी कोणाला वगळलंस तर नोकरी गेली समज."

सदर साहेब देहानं चांगले भरलेले. ते टेकले, आणि आमच्या दोस्तानं शिवलेला लोड त्याच्या रिवाजाप्रमाणं फाटला. कापूस बाहेर. धावाधाव झाली, लोड बदलला, आणि फाटका लोड घेऊन आमचा दोस्त रांगेच्या टोकाला, भिंतीशी, मांडी घालून शिवत बसला. बाहेर व्हरांड्यात बायकांसाठी सोडलेल्या चिकाच्या पडद्यामागं म्हातारी बसलेली. मामा दाराशी, गाठोडं काखेत. स्टेशनाचा टांगा ठरलेला.

शायर वाचत गेले, वाहवा होत गेली, शमा सरकत गेली. रांगेतले शेवटचे शायर वाचून झाले. मी शमा उचलली आणि पुढच्या इसमापुढं ठेवली.

लोक आजही म्हणतात मी मुद्दाम ठेवली. मला हुकूम होता शेवटच्या इसमापर्यंत. रांगेत शेवटी कोण बसलाय हे मला दिसत होतं, आणि तो इसम होता. यापरीस जास्त मी कोर्टातही बोलणार न्हाई.

वकीलसाहेब उठले. "अबे गधे, उठा वो शमा! ये तो पिंजारा है!" मी हात मागं बांधले आणि म्हणालो, "साहेब, ठेवलेली शमा उचलता येत न्हाई. तुम्हीच शिकवलं." तेवढ्यात दोस्ताच्या बाहीवरच्या कापसाला ज्योत लागली आणि भपकन जाळ झाला. मी पंच्यानं विझवला. दिवाणखाना हसून लोळायला लागला. सदर साहेबांना पण हसू आवरेना. म्हणाले, "अभी पढा भी नहीं, और आग लग गई! पढिए जनाब. लेकिन पहले वतन बताइए."

झालं, म्हणलं, आता हा तास घेणार आणि गाडी चुकणार. पण त्यानं सुई लोडात खोचली, मांडीवर बोटानं ठोका धरला, तोच, तातीचा, आणि सुरू केलं:

"वतन मेरा क्या पूछते जी, रूई का क्या वतन होता,
खेत किसी का, सूत किसी का, किसी और का तन होता."

हसणं एकदम थांबलं. सदर साहेब लोडावरून सरळ झाले. "फिर से," म्हणाले. यानं फिरून म्हणलं आणि मंग चिकाकडं बघून पुढचा टाकला. म्हातारी रोज 'मा ऊरु' म्हणायची, म्हणजे 'आमचं गाव'.

"अम्मा 'मा ऊरु' बोली तो उठ के आतीं गलियाँ सारी,
जिस गाँव कू मैं देख्या नईं, घर में उसका चलन होता."

चिकामागून हुंदका आला. दाराशी मामानं गाठोडं खाली ठेवलं. इतका वेळ कळत नसताना माना हलवणारे आमचे मराठी व्यापारी मागं बसले होते. त्यांच्याकडं वळून तो म्हणाला, आता तुमच्यासाठी:

"तीन घरच्या चिंध्या जोडून वाकळ शिवली आईनं,
कोणती चिंधी कोणाची, इचारलं न्हाई थंडीनं."

मंग जे झालं ते काय सांगू! किराणावाला, ज्याच्या कापसाचा धूर झाल्ता, तोच पहिला ओरडला, "वा रे माझ्या पठ्ठ्या!" गुरुजी टाळ्या पिटून राह्यले. वकीलसाहेबांना वाहवा म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. सदर साहेबांनी त्याला हाताला धरून उठवलं आणि आपल्या शेजारी, त्याच्याच गादीवर बसवलं. म्हणाले, "उस्ताद कौन, ये अब कोई न पूछे." पाच वेळा वाचून घेतलं. शमा विझली तरी कोणाच्या ध्यानात न्हाई.

गाडी मात्र चुकली न्हाई. सदर साहेब पुढच्या डब्यात चढले, मामा मागच्या. मामा खिडकीतून एकदाच म्हणाला, "अक्का, रा." म्हणजे ये. म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नेनु रानु." मी येत न्हाई. गळ्यात हार घातलेला आमचा शायर सगळ्या हमालांना शेर ऐकवत होता. गाडी हलली तसं त्याचं लक्ष म्हातारीकडं गेलं. म्हातारी रुळाकडं बघत होती, आणि आपण काय जिंकलो अन्‌ तिनं काय सोडलं, हे त्याला तेव्हा उमगलं असावं.

पुढं त्याचं नाव झालं. हैदराबादेहून बोलावणी आली, किताब छापली, मराठीवाल्यांनीही मानानं बसवलं. निम्मे शेर त्या न पाहिलेल्या गावावर. निजामाचं राज्य जायच्या वर्षभर आधी म्हातारी जालन्यातच गेली. चाळिसावा झाल्यावर तो पहिल्यांदा तेलंगणात गेला, आणि चार दिवसांत परत आला. मी विचारलं, "पाह्यलंस गाव?"

"पाह्यलं," तो म्हणाला. "घरं हायत, माग हायत, मामाची लेकरं हायत. पण अम्मा सांगायची ते गाव तिथं न्हाई यार. ते हितंच होतं."

मंग त्यानं कमान उचलली.