रेबेकाबाईंचा आरामाचा रविवार

रेबेकाबाईंना खुर्चीत बसायची सवय नव्हती. घरात खुर्ची एकच, नवऱ्याची, म्हणजे शांतवन मास्तरांची, आणि बाईंनी आजवर तिच्यावर फार तर ओली गोधडी वाळत घातली होती. पण १९४६ सालच्या मे महिन्यातल्या त्या रविवारी, उपासनेहून आल्या आल्या, घरच्यांनी त्यांना धरून तिच्यात बसवलं. अंगावर नाताळचं लुगडं, अंबाड्यात मोगरा. का, तर म्हणे आईचा रविवार! राहुरीकडच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत ही नवी टूम नगरहून येणाऱ्या पाळकसाहेबांनी त्या वर्षी काढली होती. "आज घरातल्या आईनं चुलीकडे फिरकायचं नाही," असं त्यांनी व्यासपीठावरून बजावलं होतं. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं!

मास्तर शिस्तीचे. शाळेतला छोटा फळा त्यांनी घरी आणून भिंतीला टेकवला आणि त्यावर वळणदार अक्षरात कामं लिहिली. पाणी, अब्राहाम. भाकरी-कालवण, कृपा. भांडी आणि शेळी, दानियल. झाडलोट, स्वतः मास्तर. "आणि फळा खोटा राहता कामा नये," त्यांनी पोरांना बजावलं. "जो काम करील त्याचंच नाव तिथं पाहिजे."

बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंधराव्या वर्षी त्या या घरात आल्या. तेव्हापासून पहाटे जातं, मग विहीर, मग मास्तरांची शाळा झाडायची, मग चूल. सहा बाळंतपणं झाली, तीन लेकरं जगली. शिक्षकाच्या घरात येऊनही त्यांना अक्षर यायला बारा वर्षं लागली, कारण बायकोला शिकवावं हे मास्तरांना कधी सुचलंच नाही. लेक कृपा पहिलीत गेली आणि तिच्या पाटीवर, चुलीत फुंकर घालता घालता, बाई तिच्याबरोबर अक्षरं शिकल्या.

तीच कृपा यंदा सातवीची फायनल पास झाली होती. मास्तरीण व्हायचं, नगरच्या ट्रेनिंग शाळेत जायचं, यावाचून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. अर्ज लिहून झाला होता, घरातल्या मोठ्या पवित्र शास्त्रात ठेवला होता. मास्तरांची सही तेवढी राहिली होती. पाळकसाहेब उद्या सकाळच्या मोटारीनं नगरला परतणार होते. अर्ज त्यांच्याबरोबर गेला तर गेला, नाहीतर पोरगी घरीच राहणार. मास्तर महिनाभर एकच पालुपद लावून बसले होते, "ती गेली तर तुझे हाल होतील. तुझ्यासाठीच थांबलोय मी." बायकोच्या काळजीनं बायकोचंच तोंड बंद करायची ही तऱ्हा मोठी नामी होती.

अब्राहाम, थोरला, दोन हंडे पाणी आणून मुळा नदीवर पोहायला पसार झाला. बाकीचं पाणी कृपानं भरलं. धाकट्या दानियलनं शेळी सोडली आणि तिच्यामागं जो गेला तो गेलाच; शेळी एकटीच परतली, तिला बांधून चारापाणी कृपानंच केलं. मास्तरांनी नुसता ओटा झाडला, कमरेवर हात ठेवला आणि बाकीचं घर तसंच सोडून वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले. कृपा एकेक काम उरकायची, ओल्या हातानं फळ्यावरचं नाव पुसायची आणि आपलं लिहायची. बाई दारातून ते बघत होत्या. दोनदा त्या उठल्या. दोनदा मास्तर वर्तमानपत्रामागून म्हणाले, "बैस, बैस! आज तुझा दिवस आहे."

बाईंचे पाय खाली ठरेनात. पदराचं टोक पिळून पिळून त्यांनी त्याची वात केली.

दुपारी शेजारच्या गोजरबाई ताक घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"काय गं रेबेका, आजारी हायेस व्हय?"

"न्हाई वो. आराम करतीया."

"आराम? मंग त्वांड असं का?" गोजरबाईंनी आत डोकावलं. कृपा गुडघ्यावर बसून चुलीत फुंकर घालत होती, हाताला तव्याचा चटका बसला होता, कपाळाला राख लागली होती. गोजरबाई कौतुकानं हसल्या. "लई गुनाची पोर! अगं, हुबेहूब तुझ्यावानी दिसाया लागली. आता तुला काय घोर न्हाई."

म्हातारी चांगल्या मनानं बोलली, पण बाईंना ते लागलं. त्यांनी पुन्हा आत पाहिलं. खरंच, चुलीपुढं त्यांना स्वतःच बसलेली दिसली, पंधरा वर्षांची. त्यानंतर ताट समोर आलं तेव्हा त्यांनी ते तसंच बाजूला सारलं. कृपा सगळ्यांच्या मागून, उभ्या उभ्या जेवली.

दिवस कलताना घरातली प्रार्थना झाली. मास्तर समाधानानं म्हणाले, "देवाच्या कृपेनं आज तुमच्या आईला पूर्ण विश्रांती मिळाली. आपण सगळ्यांनी मिळून..."

"सगळ्यांनी?" बाई खुर्चीतून उठल्या. फळ्यापुढं बसून त्यांनी बोट ठेवत, अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "पाणी, कृपा. भाकरी, कृपा. भांडी, कृपा. शेळी, कृपा. झाडलोट..." त्या थांबल्या. "मास्तर, तुमचं नाव कुठं हाय ह्यात?"

अब्राहाम पायाच्या नखांकडे बघत राहिला.

"कृपा गेली तर माझे हाल व्हतील म्हनता. ती हुती तरी आज कुनाचे झाले, वाचा की! मी बसून राहिले आन् माझ्या जागी लेक जुंपलीत. हा कसला आराम? मला दिसभर जीव नकोसा झाला." त्या उठून उभ्या राहिल्या. "मला काय पायजे ते एकानं इचारलं न्हाई. मला सही पायजे."

आता मास्तर काही फार वाईट माणूस नव्हेत. फळा खोटा राहता कामा नये, हे त्यांचेच शब्द होते, आणि फळा समोर होता. त्यांनी पवित्र शास्त्रातून अर्ज काढला. मग म्हणाले, "अब्राहाम, दौत आण." नेहमी मोत्यासारखी येणारी त्यांची सही त्या संध्याकाळी शाईच्या डागासकट उमटली.

बाईंनी कृपाला धरून खुर्चीत बसवलं. पोरगी इतकी दमली होती की अर्ज मांडीवर घेऊन बसल्या जागीच झोपली.

मग बाईंनी पदरानं फळा पुसला आणि खडू थोरल्याच्या हातात दिला. "लिही. उद्याचं पानी कोन भरनार?"

चुलीपाशी संध्याकाळच्या चहाची भांडी खरकटी पडली होती. बाई त्यांच्यापुढं जाऊन बसल्या आणि त्यांनी दानियलला हाक मारली. तो येईपर्यंत तीनदा त्यांचा हात राखेकडे गेला. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तशाच बसून राहिल्या.