राजीनामा झाला

बँकेत नव्याने लागलेली मुलं कर्जाचं काम शिकायला माझ्याकडे येतात. जयपूरला बदली होऊन आले आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. पहिल्या दिवशी मी त्यांना दरडावून सांगते, कर्जदाराकडे जाल तेव्हा कागद नंतर बघा, आधी माणूस काय म्हणतो ते ऐका. ऐकलेलं समजलं का, तेही एकदा विचारून घ्या, हे सांगायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

त्या खेपेला परभणीकडची एक मुलगी आली. नोकरी पहिली, घराबाहेर पाऊल पहिलं आणि हिंदी टीव्हीवरून शिकलेलं. प्रताप नगरात खोली घेऊन राहायची. शाखेत आम्ही दोघीच मराठी, त्यामुळे दुपारी डबा खाताना माझ्यासमोर बसून दिवसभराचं मराठी बोलून घ्यायची. मला ती आवडायची, पण तसं दाखवायची माझी रीत नाही.

पहिल्या पाहणीला मी तिला सांगानेरच्या एका छपाई कारखान्यात पाठवलं. लाकडी ठप्प्यांनी चादरी छापणारे दोन भाऊ, दोघेही भागीदार, आणि त्यांना कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती. दोघांत वर्षभर कोर्टकज्जा चालू आहे, एवढं फायलीत होतं. ती गेली तेव्हा धाकटा माल पोचवायला गेला होता. तिने त्याची चौकशी केली. थोरला म्हणाला, "हमारा तो राजीनामा हो गया, मॅडमजी," आणि त्याने तिच्या हातावर बर्फी ठेवली.

मुलीने अहवालात लिहिलं, धाकट्याने राजीनामा दिला आहे. मी वाचलं आणि सही ठोकली. दोघीही मराठी, शंका येणार कुणाला? भाऊ सोडून गेला म्हणून कुणी बर्फी वाटतं का, हा साधा प्रश्न माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवालाही पडला नाही. बँकेचं पत्र गेलं: धाकटे भागीदार बाहेर पडल्याचं समजलं, तरी नव्या भागीदारीचे कागद सादर करावेत. ते पत्र नेमकं धाकट्याने फोडलं.

तो ते घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "भाईसाहब ने पीछे से मेरा नाम कटवा दिया," तो म्हणाला. "कोर्ट में राजीनामा लिखकर, माँ के सामने गले मिले थे हम दोनों."

तेव्हा कुठे मला उमगलं. त्यांच्याकडे राजीनामा म्हणजे समेट. चूक आमची आहे, तुमच्या भावाने असं काही केलेलं नाही, हे मी परोपरीने सांगितलं. त्याला ते पटलं नाही. आम्ही थोरल्यावर पांघरूण घालतोय असंच त्याला वाटलं. पत्र टेबलावर ठेवून तो निघून गेला.

संध्याकाळी मुलगी आली ती रडून डोळे सुजवूनच. "मॅडम, ते तसंच म्हणू लागले हो. मला वाटलं, भाऊ सोडूनच गेला. मिटलेलं भांडण मी परत लावून दिलं." आणि तिने एक कागद पुढे केला. वर मोठ्या सुवाच्य अक्षरांत 'राजीनामा'. तो इंग्रजीत लिहावा लागतो, हेही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी चिडले. खरं तर स्वतःवर, पण ऐकून घ्यायला समोर तीच होती. कागद पर्समध्ये कोंबला आणि म्हटलं, "हे नंतर बघू. उद्या सकाळी माझ्याबरोबर कारखान्यात यायचं."

कारखान्यात छपाईच्या लांब टेबलाच्या दोन टोकांना दोन भाऊ उभे होते. एकमेकांकडे बघतही नव्हते. मी आधी सांगितलं की त्या अहवालावर सही माझी आहे. ते दोघांनीही नुसतं ऐकून घेतलं. मग मुलगी पुढे झाली.

"हमारे मराठी में राजीनामा मतलब नौकरी छोड़ना. मैंने वही समझा," ती धाकट्याला म्हणाली. "भाईसाहब ने तो मुझे बर्फी खिलाई थी."

धाकट्याने मान वर केली. "बर्फी?"

"खिलाई थी," थोरला खाली बघतच म्हणाला. "खुशी की बात थी."

धाकटा टेबलाला वळसा घालून थोरल्याच्या बाजूला आला आणि छापायला अंथरलेल्या चादरीचं लोंबणारं टोक त्याने उचलून धरलं. मग थोरल्याने मुलीला विचारलं, "तो आपकी मराठी में सुलह को क्या बोलते हैं?"

"तडजोड."

"तोड़-जोड़?" धाकट्याने विचारलं.

"ठीक ही तो है," थोरला म्हणाला. "पहले तोड़ा, फिर जोड़ा." आणि दोघेही हसले. मुलगी शब्द दुरुस्त करायला निघाली होती, मी तिचा हात दाबला.

परतताना रिक्षात पूल ओलांडल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझा तो कागद..."

"राजीनामाच ना?" मी म्हटलं. "झाला की आपला."